डावं पुढचं चाक

तीन आठवडे मी सांगत होते,
तीन आठवडे बाबा म्हणत होते, कुठे?
मला तर काही ऐकू येत नाही.

वारज्याच्या पुलाखाली गाडी थांबताना
चाकातून एक सुई निघायची.
रिक्षातले लोक वळून बघायचे,
दुभाजकावरचा कुत्रा कान पाडायचा.
बाबा शेजारी निवांत,
मांडीवर मेथीची जुडी.

भोसरीत एकतीस वर्षं प्रेसशॉपला होते ते.
कानात बोळे घालायची लाज वाटायची तेव्हा.
शंभर टनी प्रेसनं आधी वरचे सूर नेले:
कुकरची शिट्टी, दारावरची बेल,
फोनमधलं नातवाचं रडणं.
खालचे ठेवले.
ट्रकची घरघर, होनरावांचा खोकला.
आईचा आवाज मुळातच बारीक.
शेवटी शेवटी ती कागदावर लिहायची: चहा?

रविवारी पार्किंगमध्ये, पाटी होती तिथेच,
'येथे वाहनदुरुस्ती करू नये. केल्यास कारणे सांगू नयेत',
त्यांनी जुनी चटई अंथरली.
मला दोन फेऱ्या मारायला लावल्या,
मग उलटतपासणी.
ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर?
सकाळी एकदाच, की दिवसभर?
चिरका, की घासल्यासारखा?
घासल्यासारखा असेल तर चावी दे आत्ताच.
चिरका, म्हटलं. दिवसभर. गाडी हळू असताना.
कुठलं चाक?
मी डोळे मिटले.
डावं. पुढचं.
त्यांनी टायरवर खडूनं फुली मारली,
कंपनीत नापास मालावर मारायचे तशी.

नट सैल करायचे चाक जमिनीवर असतानाच.
मागच्या चाकांना विटा, मग जॅक,
आणि एकट्या जॅकवर भरवसा नाही म्हणून
खाली घोडी, तीही दोनदा हलवून बघितलेली.
कॅलिपर तारेनं वर टांगला.
नळीवर वजन नको, म्हणाले,
आतून फाटते, बाहेरून कळत नाही.

पॅड निघाले. जाडी होती अजून, पेन्सिलीएवढी.
पण तोंड आरशासारखं चकाकत होतं.
चांदणी चौकातून खाली येतेस
तेव्हा पाय ब्रेकवरच असतो ना तुझा?
मी काही बोलले नाही.
भाजून काच चढते त्याला, म्हणाले,
रागावले नव्हते.

होनराव पेपर घेऊन आले, पाटी वाचली,
मी काही पाहिलेलं नाही म्हणाले
आणि तासभर बॅटरी धरून उभे राहिले.

फरशीवर सँडपेपर, त्यावर पॅड पालथा,
आठाचा आकडा काढत घासायचा.
भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.
ग्रीस पाठीला, तोंडाला चुकूनही नाही.
एक पिन सरकतच नव्हती.
ही बघ, म्हणाले, खरी चोर. पॅड नुसता बदनाम.
पिन पुसली, वंगण दिलं,
मग ती आत-बाहेर करत राहिले उगीच, कितीतरी वेळ.
डिस्कच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत होतं
आणि मान तिरकी,
ऐकताना माणसाची होते तशी.

चाक बसलं. नट समोरासमोरचे आवळले.
आधी पेडल मार, म्हणाले, मऊ लागेल,
घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत गेलो आणि परत.
थांबले, पुन्हा थांबले. रस्ता गप्प होता.
गेला? त्यांनी विचारलं, माझ्या ओठांकडे बघत.
गेला.
त्यांनी मान डोलावली, स्वतः ऐकल्यासारखी,
आणि काळ्या बोटांनी मेथीच्या जुडीतलं एक पान खुडून तोंडात टाकलं.
ती बिचारी कालपासून गाडीतच होती.

रिव्हर्सला अजून एक बारीक चिं आहे.
पुढच्या रविवारी सांगेन.